बसभाड्याचे धोरण संगणकावर कसे तपासावे : ठाणे–नवी मुंबईचे उदाहरण धरून

घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीत राहून ऐरोलीत नोकरी करणारी व्यक्ती टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या) बसने किंवा शेअर रिक्षाने ठाणे स्थानक गाठते, ट्रान्स-हार्बर मार्गावरील लोकलने ऐरोलीला उतरते आणि तिथून एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची) बस, रिक्षा किंवा पायपीट यांतून एक मार्ग निवडते. या एका प्रवासासाठी तीन निरनिराळ्या व्यवस्थांचे दर लागू होतात. बसचे भाडे महापालिकेच्या परिवहन उपक्रमाकडून, लोकलचे रेल्वेकडून आणि रिक्षाचे महानगर परिवहन प्राधिकरणाकडून ठरते. पैसे मात्र एकाच खिशातून जातात. बसचे किमान भाडे बदलण्याचा प्रस्ताव मांडताना हिशोब बहुधा बसच्या तिकिटापुरता होतो. प्रवासी मात्र घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा एकूण खर्च आणि एकूण वेळ पाहून निर्णय घेतो. भाडेधोरणाची संगणकीय चाचणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने, अभियंत्याने किंवा प्रवासी संघटनेने हा दाराहून दारापर्यंतचा पूर्ण प्रवास हेच मोजमापाचे एकक धरावे. ते धरले नाही, तर पुढची सारी आकडेमोड अचूक असूनही उत्तर चुकीचे येते.

आधी प्रश्न नेमका करावा

‘भाडे वाढवावे का’ या प्रश्नाचे उत्तर प्रतिरूपाला, म्हणजे प्रवाशांच्या वर्तनाच्या संगणकातील नकलेला (मॉडेलला), देता येत नाही. धोरण कोष्टकाच्या रूपात लिहावे लागते : कोणत्या प्रवाशाला, कोणत्या वेळी, किती अंतराला, कोणत्या प्रकारच्या बसमध्ये किती रुपये. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे भाडे पहिल्या दोन किलोमीटरना १० रुपये, पुढे दर टप्प्याला चढत जाऊन दहा किलोमीटरपलीकडे ४० रुपये असे होते. सप्टेंबर २०२४ पासून टप्पे मोठे झाले आणि कमाल भाडे ३० रुपयांवर आले. या एका निर्णयात खरे तर दोन बदल आहेत. कमाल भाडे उतरले आणि दोन ते चार किलोमीटरचा प्रवासी १५ रुपयांऐवजी १० रुपयांच्या गटात आला. प्रतिरूपात हे दोन्ही बदल आधी सुटे आणि मग एकत्र चालवून पाहावेत, म्हणजे प्रवासी नेमके कशामुळे वाढले हे सांगता येते.

त्याचप्रमाणे किमान भाडे वाढवणे, टप्प्याची लांबी बदलणे, सर्वत्र एकच भाडे ठेवणे, बस बदलल्यास ठरावीक वेळेत दुसरे तिकीट सवलतीत देणे, मासिक पासाची किंमत बदलणे आणि एखाद्या समाजघटकाला सवलत देणे ही सहा निरनिराळी धोरणे आहेत. त्यांतली दोन किंवा तीनच निवडावीत आणि सोबत ‘जैसे थे’ हा पर्याय अवश्य ठेवावा, कारण प्रत्येक निष्कर्ष त्याच्याशी तुलना करूनच सांगायचा असतो.

कागदावरची पहिली तपासणी

संगणकाकडे वळण्यापूर्वी एक साधा गुणाकार करावा. भाडे एक टक्का वाढल्यावर प्रवासी किती टक्के बदलतात, या प्रमाणाला मागणीची लवचीकता म्हणतात; उणे चिन्ह म्हणजे घट. ब्रिटनमधील अनेक अभ्यासांचा २००४ साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात बसभाड्यासाठी ही लवचीकता अल्पकाळात सुमारे उणे ०.४ आणि दीर्घकाळात सुमारे उणे १ अशी आढळली. समजा, १० रुपयांचे भाडे १२ रुपये केले, म्हणजे २० टक्के वाढवले. उणे ०.४ धरल्यास प्रवासी ८ टक्के घटतात आणि उत्पन्न सुमारे १० टक्के वाढते. उणे १ धरल्यास प्रवासी २० टक्के घटतात आणि उत्पन्नही सुमारे ४ टक्के घटते. पहिल्या वर्षी यशस्वी वाटलेली भाडेवाढ चार-पाच वर्षांत तोट्याची ठरू शकते, कारण माणसे दुचाकी घेतात, नोकरी बदलतात, घर बदलतात. हे ब्रिटनचे आकडे ठाण्याला जसेच्या तसे लावू नयेत. तिथे शेअर रिक्षा नाही आणि पाच रुपयांत सुटणारी लोकलही नाही. मात्र आपल्या प्रतिरूपाचे उत्तर या पल्ल्याच्या फार बाहेर गेले, तर त्याचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माहिती कुठून आणावी

टप्पावार भाड्याच्या व्यवस्थेचा एक मोठा लाभ अभ्यासकाला मिळतो. वाहक तिकीट देताना चढण्याचा आणि उतरण्याचा टप्पा यंत्रात नोंदवतो, त्यामुळे कोणत्या टप्प्यातून कोणत्या टप्प्यापर्यंत किती तिकिटे गेली, हे तासानिहायसुद्धा काढता येते. जगातल्या ज्या शहरांत एकच सपाट भाडे आहे, तिथे प्रवासी कुठे उतरला हे तिकिटावरून कळत नाही आणि त्यासाठी वेगळी अटकळ बांधावी लागते. परिवहन उपक्रमाकडे माहितीच्या अधिकारात किंवा संशोधनासाठी अर्ज करताना प्रवाशांची नावे किंवा कार्ड क्रमांक नसलेली, टप्पानिहाय आणि तासानिहाय बेरीज मागावी, तेवढी पुरते. तिकीटयंत्राच्या नोंदीत पासधारकांचे प्रवास नीट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी निवडक थांब्यांवर उभे राहून प्रत्यक्ष मोजणी करावी लागते.

बसने न जाणाऱ्यांची माहिती त्याहून महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच दुर्लक्षिली जाते. २०११ च्या जनगणनेतील बी-२८ या कोष्टकात काम करणारे लोक कामाच्या जागी किती अंतरावर आणि कशाने जातात, याची नोंद आहे. ती जुनी आहे, पण पायी जाणाऱ्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे प्रमाण तपासण्यासाठी आधार म्हणून उपयोगी पडते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातून विभागनिहाय फेऱ्यांचे चित्र मिळते. रस्त्यांचे जाळे ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून घ्यावे. बसचे थांबे आणि वेळापत्रक जीटीएफएस या, संगणकाला वाचता येणाऱ्या प्रमाणित मांडणीत असेल तर उत्तम. नसेल तर अभ्यासाच्या पट्ट्यापुरते ते स्वतः तयार करावे. छापील वेळापत्रकावर मात्र विसंबू नये. सकाळच्या गर्दीत माजिवड्याच्या चौकात बसला प्रत्यक्ष लागणारा वेळ आणि कागदावरचा वेळ यांत जे अंतर असते, त्याने प्रवाशाची निवडच बदलते.

या सर्वांतून एक कृत्रिम लोकसंख्या तयार करायची असते. वय, लिंग, उत्पन्नगट, घरातील वाहन, राहण्याचा विभाग आणि कामाचा विभाग हे गुण असलेली कल्पित माणसे संगणकात अशा रीतीने निर्माण करावीत की त्यांच्या बेरजा जनगणनेच्या आणि सर्वेक्षणाच्या बेरजांशी जुळतील. प्रत्येकाला दिवसभराचा एक कार्यक्रम द्यावा. इथे ऑफिसला जाऊन परत येणारा एकच साचा सर्वांना लावण्याची चूक सर्रास होते. लोकमान्यनगर किंवा कळव्यातली एखादी बाई सकाळी मुलाला शाळेत सोडते, दोन घरची कामे करते, बाजार करते आणि मग परतते. तिच्या दिवसात चार-पाच आखूड प्रवास असतात. किमान भाडे दोन रुपयांनी वाढले की लांबच्या प्रवाशाला एकदाच फरक पडतो, तिला तो प्रत्येक फेरीला पडतो. तिचा दिवस प्रतिरूपात नसेल, तर किमान भाड्याच्या वाढीचा खरा भार दिसणारच नाही.

निवडीचे गणित

चाचणीचा गाभा इथे आहे, म्हणून तो सावकाश पाहू. प्रत्येक पर्यायाचा एकूण भार रुपयांत काढतात : भाडे, अधिक प्रवासाच्या वेळेची किंमत, अधिक थांब्यावर वाट पाहण्याच्या वेळेची किंमत. वेळेची किंमत म्हणजे एक मिनिट वाचवण्यासाठी माणूस किती पैसे मोजायला तयार असतो ती रक्कम. वाट पाहणे माणसाला जास्त जाचते, म्हणून ती मिनिटे साधारणपणे दुप्पट धरतात. दोन पर्यायांच्या भारातील फरकावरून किती टक्के लोक कोणता पर्याय घेतील, हे ‘लॉजिट’ नावाच्या सूत्राने काढतात. या पद्धतीचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी घातला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज असा होता की, सुमारे १५ टक्के लोक तिने प्रवास करतील. मॅकफॅडन यांच्या प्रतिरूपाने ६.३ टक्के सांगितले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. बसचे भाडे १५ रुपये, प्रवास ३५ मिनिटे, वाट पाहणे १२ मिनिटे. शेअर रिक्षाचे भाडे ४० रुपये, प्रवास २५ मिनिटे, वाट पाहणे ३ मिनिटे. ज्याच्या वेळेची किंमत मिनिटाला १ रुपया आहे, त्याच्यासाठी बसचा भार १५ + ३५ + २४ = ७४ रुपये आणि रिक्षाचा ४० + २५ + ६ = ७१ रुपये होतो. एका रुपयाच्या फरकाला ०.१ हे वजन दिले, तर अशा शंभरांपैकी सुमारे ४३ जण बस घेतात. बसचे भाडे ५ रुपयांनी उतरवले, तर हा आकडा ५५ होतो. भाडे तेच ठेवून, बसच्या फेऱ्या वाढवून वाट पाहण्याचा वेळ १२ वरून ८ मिनिटांवर आणला, तर तो ६२ होतो. म्हणजे या गटासाठी चार मिनिटांची बचत पाच रुपयांच्या सवलतीपेक्षा जास्त परिणामकारक आहे. भाड्याचे उत्पन्नही पहिल्या उपायात शंभर माणसांमागे सुमारे ६४० रुपयांवरून ५५० रुपयांवर उतरते, तर दुसऱ्यात सुमारे ९३० रुपयांवर जाते; त्यातून जादा फेऱ्यांचा खर्च अर्थातच वजा करावा लागतो.

हेच गणित आता मिनिटाला ५० पैसे किंमत असलेल्या, म्हणजे कमी मजुरी मिळणाऱ्या माणसासाठी मांडू. बसचा भार ४४.५० रुपये आणि रिक्षाचा ५५.५० रुपये होतो. शंभरांपैकी ७५ जण आधीच बसमध्ये असतात. भाडे पाच रुपयांनी उतरवल्यावर ते ८३ होतात, फेऱ्या वाढवल्यावर ८२. इथे क्रम उलटला. शिवाय जे ७५ जण आधीपासून बसने जातात, त्यांच्या खिशात रोज प्रत्येक फेरीला पाच रुपये शिल्लक राहतात आणि तो लाभ प्रवासी संख्येच्या आलेखात कुठेही उमटत नाही. सर्व प्रवाशांना एकच सरासरी वेळेची किंमत लावणारे प्रतिरूप हा भेद पुसून टाकते. माझ्या मते भाडेधोरणाच्या चाचणीत याहून गंभीर दोष नाही. किमान तीन उत्पन्नगट वेगळे ठेवल्याशिवाय निष्कर्ष जाहीर करू नयेत.

पर्यायांच्या यादीत दोन गोष्टी आवर्जून घालाव्यात : पायी जाणे आणि प्रवासच न करणे. किमान भाडे वाढल्यावर दीड किलोमीटरचा प्रवासी रिक्षाकडे न वळता चालू लागतो, आणि म्हातारी माणसे दवाखान्याची एखादी फेरी टाळतात. टप्प्याच्या सीमेवर राहणारा माणूस एक थांबा आधी उतरून उरलेले अंतर चालतो. हे वर्तन टिपण्यासाठी प्रतिरूप विभागांवर न बांधता थांब्यांवर बांधावे लागते.

पासाचा विचार स्वतंत्रपणे करावा. लोकलचा मासिक किंवा त्रैमासिक पास ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी ठाणे ते ऐरोली या आणखी एका फेरीचा जादा खर्च शून्य असतो. म्हणून आधी ‘पास घ्यावा की नाही’ हा महिन्याचा निर्णय आणि त्यानंतर ‘आज कशाने जावे’ हा रोजचा निर्णय, असे दोन स्तर ठेवावेत. हे दोन स्तर एकत्र केले, तर बसच्या पासाची किंमत बदलल्याचा परिणाम कमी-अधिक दिसतो आणि तो कुठून आला, हे कळत नाही.

साधन कोणते घ्यावे

एकाच मार्गाचा प्रश्न असेल, तर वरील गणित पायथन या संगणकीय भाषेमध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्येही करता येते, आणि सुरुवात तिथूनच करावी. सुमो हे मुक्त साधन वाहनांची हालचाल, सिग्नल आणि रांगा बारकाईने दाखवते. भाड्यामुळे होणारी निवड हा त्याचा मुख्य विषय नाही. पूर्ण शहराच्या पातळीवर मॅटसिम अधिक उपयोगी आहे. तेही मुक्त असून जावा भाषेत लिहिलेले आहे. त्यात प्रत्येक कल्पित माणूस आपला दिवस जगतो, दिवसाअखेर त्या दिवसाला गुण मिळतात, काही माणसे दुसऱ्या दिवशी साधन, वेळ किंवा वाट बदलून पाहतात, आणि अशा शेकडो आवर्तनांनंतर बहुतेकांना आणखी बदल करून फायदा होईनासा झाला, की चित्र स्थिरावते. बस भरली तर थांब्यावरचा माणूस मागे राहतो आणि त्याचे गुण घटतात. भाडे स्वस्त करून गर्दी वाढली आणि त्या गर्दीमुळेच काही प्रवासी परत गेले, हा परिणाम सूत्रात सापडत नाही, इथे सापडतो.

मॅटसिम वापरताना दोन बाबी सांभाळाव्यात. त्याच्या मूळ मांडणीत भाडे अंतराच्या प्रमाणात सरळ वाढते, आपले भाडे पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. म्हणून टप्प्याचे कोष्टक वाचून प्रत्येक प्रवासाअंती माणसाच्या खात्यातून तेवढी रक्कम वजा करणारा छोटा भाग स्वतः लिहावा. बस बदलल्यावरची सवलतही त्याच भागात बसते : शेवटचे तिकीट कधी काढले, हे लक्षात ठेवायचे आणि ठरवलेल्या वेळेत दुसरी बस पकडली तर कमी रक्कम वजा करायची. दुसरी बाब नमुन्याची. २०११ मध्ये ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्राची ११ लाखांवर होती. एवढी माणसे चालवणे जड जाते, म्हणून १० टक्के नमुना घेतात आणि बसची क्षमताही त्याच प्रमाणात घटवतात. पण ४० आसनांची बस तेव्हा चार आसनांची होते आणि एका माणसाच्या योगायोगाने ती भरते. घोडबंदर रस्त्यासारख्या एकाच पट्ट्याचा अभ्यास असेल, तर त्या पट्ट्यातील सर्व माणसे घ्यावीत आणि बाकीचे शहर ढोबळ ठेवावे.

प्रत्येक धोरण एकदाच चालवून निष्कर्ष काढू नये. प्रतिरूपातील योगायोग ज्यांवर ठरतात त्या यादृच्छिक (रँडम) अंकांची सुरुवात बदलत किमान दहा वेळा चालवावे, सर्व धोरणांना त्याच दहा सुरुवाती द्याव्यात आणि उत्तर सरासरी व तिच्या दोन्ही बाजूंचा पल्ला अशा रूपात लिहावे. दोन धोरणांमधील फरक त्या पल्ल्याहून लहान असेल, तर फरक नाही असेच म्हणावे.

घडून गेलेल्या बदलावर पडताळणी

आजची प्रवासी संख्या जुळली म्हणजे प्रतिरूप विश्वासार्ह झाले असे नाही. भाडे बदलल्यावर काय होते हे त्याला सांगता आले पाहिजे. त्यासाठी घडून गेलेला बदल घ्यावा, बदलानंतरचे आकडे बाजूला ठेवावेत, प्रतिरूपाकडून अंदाज घ्यावा आणि मगच ते आकडे उघडावेत. आपल्या परिसरात अशा संधी बऱ्याच आहेत. मेट्रोची सप्टेंबर २०२४ मधील भाडेकपात आहे, एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून मिळालेली निम्मी सवलत आहे, आणि ९ मे २०२५ पासून बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० व वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपये झाले, तो बदलही आहे. बेस्टच्या काही बस ठाण्यात आणि नवी मुंबईत येत असल्याने एकाच रस्त्यावर दोन उपक्रमांच्या भाड्यांतील अंतर अचानक बदलल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

तारखा मात्र डोळसपणे पाहाव्यात. मेट्रोची कपात ७ सप्टेंबर २०२४ रोजी लागू झाली आणि त्याच दिवशी गणेशचतुर्थी होती. आधीचा आणि नंतरचा आठवडा यांची तुलना केली, तर गणपतीसाठी गावी गेलेली माणसे आणि दर्शनाला निघालेली माणसे भाड्याच्या परिणामात मिसळतील. बेस्टची वाढ उन्हाळी सुट्टीत झाली, त्यापाठोपाठ पावसाळा आणि शाळा सुरू झाल्या. म्हणून मागील वर्षीच्या त्याच आठवड्यांशी तुलना करावी आणि भाडे न बदललेल्या एखाद्या मार्गाची आकडेवारी शेजारी ठेवावी.

अंदाज चुकला, तर वजने हवी तशी फिरवून तो जुळवण्याचा मोह टाळावा. आधी माहितीतली उणीव शोधावी. शेअर रिक्षाचे प्रत्यक्ष दर, कंपन्यांच्या खाजगी बस आणि दुचाकीचा पेट्रोलखर्च या तीन ठिकाणी ती सहसा सापडते.

निष्कर्ष कसे मांडावेत

परिवहन समितीसमोर किंवा नागरिकांसमोर जाताना एकूण उत्पन्न आणि एकूण प्रवासी या दोन आकड्यांवर थांबू नये. प्रत्येक धोरणासाठी कोणत्या उत्पन्नगटाचा प्रवासखर्च महिन्याला किती रुपयांनी बदलला, स्त्रियांचा आणि पुरुषांचा किती, कळवा-मुंब्रा, वागळे इस्टेट, घोडबंदर, ऐरोली-दिघा अशा विभागांचा किती, आणि किती जण बस सोडून चालू लागले, याचे कोष्टक द्यावे. बस बदलण्याच्या सवलतीसारख्या धोरणात एका उपक्रमाचे उत्पन्न घटून दुसऱ्याचे वाढू शकते. टीएमटी आणि एनएमएमटी यांचे हिशोब वेगळे दाखवले, तरच ती तूट कोणी आणि कोणत्या प्रमाणात भरून काढायची, याची चर्चा सुरू होऊ शकते.

गृहीतके अहवालाच्या शेवटी दडवू नयेत, पहिल्याच पानावर द्यावीत : वेळेची किंमत, वाट पाहण्याचे वजन, फेऱ्यांची संख्या आणि रिक्षाचे दर. मिनिटाची किंमत २५ टक्क्यांनी वर-खाली केल्यावर धोरणांचा क्रम बदलतो का, तेही तिथेच लिहावे. प्रतिरूपाच्या सर्व फाइली तारखेसह जपाव्यात, आणि नवे भाडे लागू होणार असे कळताच ते लागू होण्याच्या किमान महिनाभर आधी निवडक थांब्यांवर मोजणी सुरू करून त्याच थांब्यांवर, त्याच वारांना आणि त्याच तासांना ती वर्षभर चालू ठेवावी.